दाराआडची आखणी

रोहा,
शुक्रवार, ११ जुलै २०२५

तीर्थरूप आप्पांस,
उर्वीचा नमस्कार. आत्यालाही सांगा.

"तू त्या पोरांना नेमकं शिकवतेस तरी काय?" असं तुम्ही मला मे महिन्यात विचारलं होतंत. पेणचा कार्यक्रम संपल्यावर, एसटी स्टँडकडं चालता चालता. तेव्हा मी "नंतर सांगते" म्हणाले. दोन महिने होत आले. उत्तर मला अजून सापडलेलं नाही, आणि सापडेल असं आता वाटतही नाही. म्हणून उत्तराची वाट न बघता लिहायला बसलेय.

पत्र अशासाठी की फोनवर तुम्ही तिसऱ्या वाक्याला "बरं, ठेव" म्हणता. शिवाय आत्याकडं भाताच्या लावणीला जाताना तुम्ही फोन घरीच ठेवून जाता, चिखलात पडतो म्हणून. आत्याच्या दिशाताईला उद्या दवाखान्यात सुट्टी आहे, ती गागोद्याला घरी येतेय, तिच्या हाती देते. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, म्हणजे दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यावं लागणार नाही. एकटे असताना वाचा.

लावणी किती झाली? आत्याचे गुडघे कसे आहेत? इकडं पाऊस थांबायचं नाव घेत नाही. कुंडलिका काठाला लागलीय. आमच्या हॉलचं छत एका कोपऱ्यात गळतं आणि नेमक्या त्याच भिंतीवर पोरांनी स्प्रेनं काढलेलं मोठं चित्र आहे. निळा रंग ओघळून खालच्या अक्षरांवर आलाय. बादली ठेवलीय. मी बरी आहे. जेवणखाण वेळेवर आहे. थकलेय, पण ते कामानं नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा एकदा प्रयत्न करते. घरातली पहिली पदवीधर मुलगी, आणि नोकरी काय, तर पोरांना तालावर बोलायला शिकवणं. आई शेजारी "संस्थेत आहे" एवढंच सांगते, ते मला माहीत आहे. आम्ही हॉलमध्ये गोल करून उभे राहतो. एक जण तोंडानं ठेका धरतो. ज्याची पाळी येईल त्यानं मध्ये जायचं आणि आपल्या आयुष्यातलं, आपल्या शब्दांत बोलायचं. ज्याला बोलता येत नाही तो नाचतो, ज्याला तेही जमत नाही तो भिंतीवर काढतो. विराज म्हणून एक मुलगा आहे, धाटावला कंपनीत पहिली शिफ्ट करून येतो आणि सेफ्टी शूज घालूनच उलटा होऊन डोक्यावर गिरकी घेतो. बाकीची ओरडतात, "हळू रे, आधीच गळतंय, अजून एक भोक पाडू नको!"

यानं काय होतं, असं तुम्ही विचाराल. फार होत नाही. स्टेशनपासून वसाहतीपर्यंतच्या अंधाऱ्या रस्त्यावर पोरींनी गाणं केलं, वॉर्डाच्या सभेत जाऊन म्हटलं, आणि चार महिन्यांनी दोन दिवे लागले. त्यातला एक अजून चालू आहे. पण ज्या पोरी घरात "जेवलीस का"च्या पुढं कोणाशी बोलत नव्हत्या, त्या सभेत माईक हातात घेऊन उभ्या राहिल्या. मला ते खूप मोठं वाटलं होतं. अजूनही वाटतं. तुम्हाला ते कसं सांगायचं हेच कळत नाही.

गोलाला नियम एकच. आत जे बोलशील ते तुझं असलं पाहिजे. दुसऱ्याचे शब्द आपले म्हणून म्हणणं, किंवा आपले शब्द दुसऱ्याच्या तोंडी देणं, याहून मोठी लाज नाही. जो असं करील त्यानं बाहेर उभं राहायचं, गोल परत बोलवेपर्यंत. पहिल्या दिवशी हा नियम मीच फळ्यावर लिहिला. दोन वर्षांत फळा कितीदा पुसला, पण तेवढी ओळ कोणी पुसली नाही.

आता मालूचं लिहिते.

मालू कोण ते तुम्हाला सांगायला नको. गणपतीच्या कारखान्यात तुमच्या शेजारी हातभर अंतरावर बसून मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्या प्रविणदादांची ती मोठी मुलगी. तुम्हीच तिला कडेवर घेऊन साच्यातून निघालेला ओला गणपती दाखवायचात. या वर्षी बारावीला गेली. शनिवार-रविवार गडबहून रोह्याला यायची, आणि सगळ्यांत आधी येऊन सतरंजी झाडायची. तिनं स्वतःचं एक गाणं बांधलं होतं:

साचा धुते, साचा धुते, हात माझे पांढरे,
शाळंत म्हणतात, पावडर लावून आली बघा रे!

पुढं तिनं सांगितलं होतं की देव आतून पोकळ असतो हे तिला लहानपणीच कळलं, कारण पोटात हात घालून पुसायचं काम तिचं. ऐकताना पोरं हसून लोळायची. त्यात कुठंच खोटं नव्हतं.

पेणच्या कार्यक्रमाच्या आधी आमच्या मुंबईच्या ऑफिसातून अद्वय सर आले. रोह्याचा हॉल पुढच्या वर्षी राहणार की नाही, हे त्या कार्यक्रमावर ठरणार होतं. त्यांनी मालूचं ऐकलं, हसले, आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "गोड आहे. पण नुसतंच गोड आहे. लोकांच्या पोटात काहीतरी तुटलं पाहिजे. बघ ना, एक पंच दे तिला."

मी तिला दिला. माझ्या जुन्या वहीत चार ओळी होत्या, त्या दिल्या. ती वाचून म्हणाली, "दीदी, ह्ये कोनाचं हाय?"

"कुठल्याही मुलीचं असू शकतं गो."

"पन मला मूर्तीचं डोळं काढता येत नाय."

"स्टेजवर काढायचे नाहीत, म्हणायचेत."

आप्पा, मी हे असंच बोलले. त्याच फळ्यासमोर.

ती हुशार आहे. दोन दिवसांत तिनं ते स्वतःचं असल्यासारखं बसवलं. अठरा मेच्या संध्याकाळी ती मैदानावर उभी राहिली, आधी साच्याचं म्हणाली, सगळे हसले, आणि मग ठेका थांबवून तिनं ते म्हटलं:

दार लावा, पडदा ओढा, आत कोणी येऊ नका,
बापाचा हात थरथरतो, बाहेर कुठं बोलू नका.
डोळे मी काढले, नाव त्याचं झालं,
देवानं मला बघितलं, गावाला नाही दिसलं.

माणसं उभी राहिली. अद्वय सरांनी मला लांबून अंगठा दाखवला. कारखान्याचे माधवरावशेठ पाहुणे म्हणून पहिल्या रांगेत होते. ते मान वळवून मागं प्रविणदादांकडं बघत होते. प्रविणदादा आपल्या पोरीकडं बघत होते, आणि त्यांना काहीच कळत नव्हतं.

मी तुमच्याकडं बघत होते. तुम्ही तिसऱ्या रांगेत होता. तुम्हीही टाळ्या वाजवल्यात. सगळ्यांच्या संपत आल्यावर, जरा उशिरा.

पुढचं तुमच्या डोळ्यांसमोरच झालं, तरी लिहिते. गर्दीच्या दिवसांत प्रविणदादाही काही मूर्ती रात्री घरी न्यायचे, तेवढ्यावरून आठ दिवसांत शेठनी त्यांच्याकडून डोळ्यांचं काम काढून घेतलं आणि त्यांना मूर्ती घासायला बसवलं. प्रविणदादा म्हणाले, पोरीला रेघ ओढता येत नाही, पाहिजे तर बोलावून बघा. शेठ म्हणाले, ती मुद्दाम वाकडी ओढंल. दादा म्हणाले, मग माझा हात बघा. त्यांनी सगळ्यांसमोर दोन डोळे काढून दाखवले, सुरेख. शेठ म्हणाले, "दोन काढशील रे. दोनशेचं काय?" तेव्हापासून कारखान्यात कोणीही येताजाता म्हणतं, "काय प्रविणशेठ, आज पोरीला सुट्टी वाटतं?" हे मला आईनं जूनच्या पहिल्या आठवड्यात सांगितलं. मला उशिरा कळलं असं मी इथं लिहिणार होते. उशिरा कळलं नाही. मालू यायची थांबली तेव्हा मी हजेरीत तिच्या नावापुढं "अभ्यास" असं लिहिलं आणि तीन आठवडे तेच लिहीत राहिले.

जून संपताना गडबला गेले. मालू पडवीत साचे धूत होती. तिच्या आईनं चहा दिला आणि आत गेली.

"पप्पा काय म्हणतात?" मी विचारलं.

"माझ्याशी बोलत नाय. म्हंजे बोलतात, पन आईला सांगतात. 'हिला म्हनावं, जेव.' माझं नावच घेत नाय."

"तू खरं का नाही सांगितलंस?"

"कसं सांगू?" तिनं साचा उपडा ठेवला. "फळ्यावर तुमीच लिवलंय ना. मी म्हनलं असतं या ओळी दीदीच्या हायत, तर पोरांनी तुमालाच बाहेर उभं केलं असतं."

मी कप खाली ठेवला. मग तीच म्हणाली, "मला वाटलं, तुमी याल नि सांगाल. म्हनून गप बसले."

परत येताना मेमूत खिडकी मिळाली. कासू आलं, नागोठणं आलं, निडी आलं, आणि मी उतरायच्या तयारीत रोह्यापर्यंत पिशवी मांडीवर धरून बसले होते.

दोन तारखेला तुमचा फोन आला. तुम्ही म्हणालात, "प्रविणच्या वाटचे गणपती शेठनी माझ्याकडं दिलेत. नागपंचमीच्या आधी चार दिवस येऊन जा."

मी म्हणाले, "आणि प्रविणदादा?"

"त्याचं त्याची पोर बघंल. बरं, ठेव."

आप्पा, मी त्या दिवशी हॉलच्या पायरीवर बराच वेळ बसले. मला वाटत होतं की तुम्हाला समजलं नसेल. मी स्वतःला तसंच समजावत होते. तुम्हाला समजलं होतं. मैदानावर एवढी माणसं होती, त्यांत त्या ओळींतला बाप कोण हे आपल्या दोघांनाच ठाऊक होतं. मालूलासुद्धा ठाऊक नव्हतं की त्या खऱ्या आहेत.

आता ते लिहिते. कागदावर आपल्या घरात कोणी हे कधी लिहिलेलं नाही.

बावीस सालचा श्रावण होता. मी कॉलेजातून आले. तुम्ही ओटीवर, उरकायला घरी आणलेल्या एका मूर्तीच्या पापणीची रेघ ओढत होता, आणि ती उडाली. पुसलीत, परत ओढलीत, परत उडाली. डाव्या हातानं उजवं मनगट धरलंत. मी चहा घेऊन उभी होते. तुम्ही वर न बघता ब्रश माझ्याकडं केलात आणि म्हणालात, "धर जरा." काढ असं म्हणाला नाहीत. धर जरा म्हणालात. ते धरणं तीन हंगाम चाललं.

मग तुम्ही शेठना सांगितलंत की डोळे काढताना तुम्हाला कारखान्यात गलका सोसत नाही, तेवढ्या मूर्ती दुपारी घरी पाठवा; अंगाचे रंग मात्र तुम्ही सकाळी तिथंच पाटावर बसून भरायचात. दाराला पडदा आला. देवाचे डोळे उघडताना कोणी बघू नये, हा आमच्या घरचा नेम आहे, असं तुम्ही लोकांना सांगायला लागलात. नेम कसला आप्पा! त्याआधी तीस वर्षं तुम्ही कारखान्याच्या दारात बसून, शाळा सुटलेल्या पोरांना गोळा करून डोळे काढत होता. प्रविणदादा त्याच पोरांतले. दुपारी आई बाहेर तांदूळ निवडत बसायची आणि कोणी फाटकाशी आलं की मोठ्यानं खोकायची. मी ब्रश खाली ठेवायचे, तुम्ही उचलायचात.

मला ते काम आवडायचं, हेही खरं लिहायला हवं. दुसरा डोळा पुरा झाला की मूर्ती एकदम बघायला लागते, आणि ती पहिल्यांदा ज्याला बघते ते माणूस मी असायचे. मी पाटावर, मूर्ती स्टुलावर. म्हणून मी नजर जरा खाली वळवायचे, म्हणजे ती माझ्याकडं यावी. पुढं मुंबईची गिऱ्हाइकं "आप्पांची ती खाली बघणारी नजर" म्हणून मागायला लागली. शेठ घरी येऊन तुमच्या पाठीवर थाप मारून गेले. मी आत कपबशा विसळत होते. तुम्ही एकदा तरी आत बघाल असं वाटलं होतं. तेवढंच हवं होतं मला. गावासमोर नको, आत बघितलं असतंत तरी पुरलं असतं. त्या संध्याकाळी वहीत त्या चार ओळी लिहिल्या.

मी तुमच्यावर रागावून लिहीत नाही. राग धरायला तोंड नाही मला. तुम्ही माझा हात घेतलात, मी मालूचं तोंड घेतलं. तुम्हाला लाज वाटत होती, मला भीती. आणि दोघांच्याही वाटचं प्रविणदादांनी भोगलं, ज्यांनी आपलं काही वाकडं केलेलं नाही.

तुम्ही मंगळवारी लावणीला गेलात. आत्याकडं तुम्ही दर वर्षी जाता, पण या वर्षी अंगावर दुप्पट काम असताना गेलात. कोरे डोळे घेऊन ओळीनं उभ्या असलेल्या मूर्ती माझी वाट बघताहेत हे मला कळलं. मीही तुमच्या जाण्याचीच वाट बघत होते. तुमच्यासमोर मला जमलं नसतं. हा माझा भित्रेपणा, तो तुम्ही मोजा.

बुधवारी सकाळी पेणला आले. आईला आधी सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापायची थांबली, मग परत थापायला लागली आणि म्हणाली, "सांग जा. माझा पण घसा गेला खोकून खोकून."

कारखान्यात सगळे होते. शेठ म्हणाले, "काय गो उर्वी, आप्पा तर नाहीत."

"माहीत आहे. म्हणूनच आले."

आणि मी सांगितलं. उभ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. ओळी माझ्या आहेत. मालूच्या तोंडी मी घातल्या. ज्या बापाचा हात थरथरतो तो प्रविणदादा नाहीत. माझे आप्पा आहेत. बावीस सालापासून घरी येणाऱ्या मूर्तींचे डोळे मी काढतेय.

कोणीतरी रेडिओ बंद केला. शेठ म्हणाले, "प्रविणच्या पोरीला वाचवायला बापावर घेतेस? तुझं नाव आमच्या घरात ठेवलंय पोरी. खोटं बोलू नकोस."

मग मी तुमच्या पाटावर बसले. पाटाखालच्या डब्यातून तुमचा ब्रश काढला. समोरची एक मूर्ती ओढून घेतली आणि डोळे काढायला लागले. भोवती सगळे जमले. आप्पा, इतकी माणसं बघत असताना मी पहिल्यांदाच काढत होते. खोकणारं कोणी नव्हतं. हात कापेल असं वाटलं होतं, कापला नाही.

दुसरा डोळा पुरा झाल्यावर शेठनी चष्मा लावला, खाली वाकले. "ही तर आप्पांची नजर."

"आप्पांची सरळ समोर बघायची, शेठ. बावीस सालापासून खाली बघते. तुम्हीच म्हणाला होता, आप्पा म्हातारपणी मऊ झाले."

प्रविणदादा मागं उभे होते, हातात घासायचा कागद, पापण्यांवर पांढरी भुकटी. त्यांनी विचारलं, "कधीपासून कापतोय आप्पांचा हात?"

"तीन वर्षं झाली."

"मी हातभर लांब बसतो त्यांच्या. मला नाय सांगितलं?" आणि म्हणाले, "मी काढले असते. त्यांच्याच नावानं काढले असते. ब्रश धरायला कोनी शिकवलं मला?"

मग ते माझ्याकडं वळले. "आनि तू माझ्या पोरीच्या तोंडात घातलंस."

"हो."

"का?"

"माझ्या तोंडानं बोलायची हिंमत नव्हती."

"मग एवढी शिकलीस कशाला?"



शेठ मला ऑफिसात घेऊन गेले. वाईट माणूस नाही ते. म्हणाले, "प्रविणला काम परत देतो, आजच देतो. पण आप्पांचं आहे तसं चालू दे. तू ये, दार लाव, काढ. गिऱ्हाइकाला नजर हवीय, हात कोणाचा त्याला काय करायचंय?" मी नाही म्हणाले. काढायचेच झाले तर दार उघडं ठेवून काढीन, आणि तेही आप्पांशी बोलल्याशिवाय नाही, असं म्हणाले. शेठ म्हणाले, सोमवारी आप्पा आले की बघू. तुम्हाला काढून टाकणार नाही म्हणाले. कुठं बसवणार ते मात्र सांगितलं नाही. मी तुम्हाला खोटा धीर देत नाही.

दिशाताईला मी एवढंच विचारलं की हात थरथरण्यावर काही औषध असतं का. ती म्हणाली, असतं, पण आधी दाखवायला हवं. तीन वर्षं झाकण्यात गेली, दाखवण्यात एक दिवस नाही गेला. तुम्ही म्हणाल तेव्हा मी येते, आपण जाऊ. मला वाटतं तुम्हाला लावणी एवढ्यासाठीच आवडते, की चिखलात हात कापला तरी रोप उभं राहतं.

काल हॉलमध्ये पोरांना सांगितलं. विराज बुटाची नाडी बांधत होता, मान खाली घालूनच म्हणाला, "मला वाटलंच होतं दीदी. मालूला डोळे कुठं येतात काढता? ती तर साचे धुते."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही दीदी ना." मग फळ्याकडं बघून म्हणाला, "आता काय करायचं? तुमचाच नियम आहे."

मी गोलाबाहेर जाऊन उभी राहिले. बादलीजवळ. त्यांनी ठेका धरला, पहिल्यांदा चुकला, मग बसला. कधी परत बोलावतील माहीत नाही. आज कोणी बोलावलं नाही. अद्वय सरांना लिहून कळवलंय की संस्थेनं टाकलेला मालूच्या गाण्याचा व्हिडिओ काढून टाका आणि का काढायचा तेही सांगितलंय. उत्तर आलेलं नाही. हॉल राहील की नाही ते सांगता येत नाही.

मालू अजून आलेली नाही. आईचा दुपारी फोन आला होता, गडबची एक बाई भेटली म्हणे तिला. काल जेवताना प्रविणदादा "मालू, भात वाढ" असं म्हणाले. एवढंच कळलंय.

एक सांगायचं राहिलं. खरं तर तेच सांगायला एवढं लिहिलं, आणि मुद्दाम शेवटाला ठेवलं.

सोमवारी कारखान्यात पाटाखालचा पत्र्याचा डबा उघडाल तेव्हा तुमचा तो खारीच्या केसांचा ब्रश त्यात दिसणार नाही. शोधू नका, आणि आईला विचारू नका, तिला माहीत नाही. बुधवारी ती मूर्ती पुरी झाल्यावर मी तो धुतला, टोक ओठांत धरून सरळ केलं, तुम्ही करता तसं, आणि प्रविणदादांच्या हातात दिला. ते घेत नव्हते. "आप्पांना विचारलंस?" म्हणाले.

विचारलं नाही. त्यांची मूठ उघडून आत ठेवला आणि निघून आले.

तुमची लेक,
आणि तीन हंगाम तुमचा उजवा हात,
उर्वी